ढगळ माप

“खोली एकच आहे ना? मग मापं दोन कशी?” एसीच्या दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

मुलगा म्हणाला होता, दहा बाय अकरा. त्याचे वडील म्हणजे शिंपीमास्तर, ते बारा बाय तेरावर अडून बसले होते. दोघांनीही खोली एकाच टेपने मोजली होती आणि ती टेप या क्षणी मास्तरांच्या गळ्यात लोंबत होती. मशीनवरून उठून ते तसेच आले होते. सून मागे भिंतीजवळच्या खुर्चीत बसून पंख्याची हवा खात होती. तिच्या खोलीत दुपारचं ऊन सरळ पलंगावर येई आणि भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या राहात. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

“बाबा, खरं सांगा, किती वाढवलंत?” मुलाने विचारलं.

“चारी बाजूंना फूट-फूट सोडलंय,” मास्तर म्हणाले. “हाताची सवय. नेमकं शिवलं की पहिल्या धुण्यात रडायची पाळी येते.”

“आणि खिडकीला किती सोडलंत?”

“खिडकी नेमकी मोजलीय. खिडकीत कोण झोपणार आहे?”

बाई हसल्या. मास्तरांचा हात मात्र मघापासून दीड टनाच्या खोक्यावर होता. लग्नात मोठ्या पातेल्याजवळ उभं राहणाऱ्या पाहुण्यासारखे ते तिथून हलायला तयार नव्हते.

“मास्तर, एवढ्याशा खोलीत हा नको,” बाई म्हणाल्या. “खोली झटक्यात गार करेल आणि बंद पडेल. परत चालू, परत बंद. हवेतली ओल काही जायची नाही. अंग गार आणि चादर दमट, अशी गत होईल. लहान घेतलात तर तो बिचारा रात्रभर धापा टाकेल. एसी कसा, अंगासरसा बसला पाहिजे. हे मी तुम्हाला सांगायचं का?”

“अंगासरसं मोठ्यांना,” मास्तर म्हणाले. “वाढत्या अंगाला ढगळच—”

आणि त्यांनी जीभ चावली.

मुलगा एकदम खोक्यांवरच्या किमती वाचायला लागला. घरात हा विषय कुणी काढत नसे. मागच्या वेळी पाचव्या महिन्यातच सगळ्यांनी बाळासाठी नावंसुद्धा काढली होती, आणि सहाव्यात हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी यावं लागलं होतं. या वेळी सातवा लागला तरी सगळे तोंडाला कुलूप लावल्यासारखे. कुणी पाळण्याचं नाव काढत नव्हतं, कुणी पोटाकडे बघत नव्हतं. फक्त मास्तर अधूनमधून सुनेचे ड्रेस दोरीवरून परस्पर उचलून नेत, शिवण उसवून आत दाबलेलं कापड मोकळं करत, आणि इस्त्री करून जागच्या जागी ठेवून देत. तिला ते कळे. तीही बोलत नसे. पण इतक्या महिन्यांत एकही ड्रेस तिला घट्ट झाला नव्हता.

बाईंनी विषय पुढे नेला. “बरं, आपण दहा बाय अकराच धरू. ऊन कुठलं?”

“दुपारनंतरचं. अगदी मावळेपर्यंत,” मुलगा म्हणाला.

“माणसाच्या अंगाचीही गरमी असते, ती धरावी लागते. खोलीत झोपतात किती?”

“दोघं,” मुलगा घाईने म्हणाला.

मास्तर टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागले.

“तीन,” मागून आवाज आला.

सून खुर्चीतून उठली होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा पोटावर. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. तिने तो हात असा चारचौघांत पोटावर ठेवलेला त्याने या वेळी प्रथमच पाहिला.

बाईंच्या लक्षात आलं. “अगं, एवढ्याशा जिवाची कसली आलीय गरमी! त्याला हिशेबात धरत नाहीत. दोघांना एक टन आणि तिघांनाही एक टनच.”

“एक टनच द्या,” सून म्हणाली. “पण त्याला धरा. तीन धरा.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागदावरचा दोनचा आकडा खोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं, “खोली दहा बाय अकरा. ऊन दुपारनंतरचं. माणसं तीन. एक टन.”

मास्तरांनी दीड टनाच्या खोक्यावरचा हात काढला.

एसी बसवायला उद्या नक्की कोण येणार, हे विचारायला मुलगा मागे थांबला. नाक-डोळे पुसायला म्हटलं तरी चालेल. सासरा आणि सून पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. ती सावकाश चालत होती आणि मास्तर तिच्या उन्हाच्या बाजूने. कोपऱ्यावर ती थांबली.

“बाबा, हा ड्रेस काखेत काचतोय. अजून थोडा उसवता येईल का?”

इतक्या महिन्यांत तिने तोंडाने मागितलेलं हे पहिलंच. मास्तरांनी ड्रेसच्या शिवणीवर नुसती नजर टाकली. ती त्यांना पाठ होती.

“उसवायला आता काही राहिलं नाही त्यात,” ते म्हणाले. “नवीनच शिवू. आणि ढगळ शिवणार, आधीच सांगून ठेवतो.”