दगाबाज ड्रम

"हे आपले नव्हेतच," बाबा म्हणाले. त्यांनी ब्रेकच्या ड्रमकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

मुलगा गॅरेजच्या फरशीवर उकिडवा बसला होता. समोर बाबांची तरुणपणची गाडी, मागची चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली. ती पहिल्यासारखी करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि पहिल्यासारखी म्हणजे अगदी पहिल्यासारखी. काच खाली करायची मूठ वेगळ्या साच्यातली निघाली, तर पठ्ठ्या दोन दिवस नीट जेवला नव्हता. घरात त्याचं नावच ‘ओरिजिनल’ पडलं होतं.

आता फक्त मागचे ड्रम राहिले होते. आणि आई. तिला त्या गाडीतून, बाबांच्या शेजारी बसून, एक फेरी मारायची होती. गुडघे साथ देताहेत तोवर. दोनदा ती तयार होऊन बसली आणि दोनदा चपला काढून आत गेली. ओरिजिनलचं एकच पालुपद : खरे ड्रम मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही.

हट्टाला कारणही तसंच होतं. लग्नाआधी बाबा गाडी मागे घेत होते, ब्रेक लागलाच नाही, आणि गाडी शेजारच्या बंगल्याचं फाटक मोडून थेट आत! आत आई झाडांना पाणी घालत होती. फाटक दुरुस्त करून द्यायला बाबा जातीनं गेले. एका दिवसाचं काम त्यांनी महिनाभर पुरवलं, तेव्हा कुठे फाटकाबरोबर आईचे वडीलही रुळावर आले. दगाबाज ड्रम बाबांनी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बदलून टाकले होते. ओरिजिनलला नेमके तेच हवे होते, आणि एका बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर ते सापडले असं त्याला वाटत होतं.

"बाबा, कडेला कारखान्याचा त्रिकोण आहे. हा बघा, आपल्या गाडीचा नंबरही ठोकलाय."

"नंबर काय, कुणीही ठोकतो."

ड्रम घेऊन आलेल्या गॅरेजवाल्यानं त्यांच्या आतून बोट फिरवलं. "पण साहेब, माल झकास आहे हं. ओरखडा नाही, झीज नाही. यांनी कधी दगा दिला असेल, तर मी मिशी उतरवून देईन."

ओरिजिनलचा चेहरा उतरला. दगा न देणारे ड्रम दगाबाज कसे असतील? आणि बाबा खोटं बोलतील, हे त्या भाबड्याच्या स्वप्नातही आलं नसतं. "म्हणजे बाबांचंच खरं," तो म्हणाला. "हे आपले नव्हेत. परत पाठवून द्या."

बाबांनी हळूच सुटकेचा श्वास सोडला.

आई दारात उभी होती. आजही तयार होऊन आली होती. "राहू दे मग," ती म्हणाली आणि चपलेचा पट्टा सोडायला खाली वाकली. वाकताना तिनं भिंतीला हात लावला. बाबा चटकन पुढे झाले.

"थांब," ते म्हणाले. "आपलेच आहेत ते."

"मग तेव्हा ब्रेक का लागला नाही?" ओरिजिनलनं विचारलं.

"दाबला असता तर लागला असता."

गॅरेजवाल्यानं मिशीवरून हात फिरवला. ओरिजिनलचं तोंड उघडंच राहिलं. बाबांचे कान लाल झाले होते. "अरे, नुसतं दार वाजवलं असतं तर तुझ्या आजोबांनी मला आत घेतलं असतं होय?" मग ते आईकडे वळले, आवाज एकदम मऊ. "तू लांब कोपऱ्यात होतीस, ते आरशात पाहूनच मागे आलो बरं का. इतकी वर्षं फसवलं तुला. रागावलीस?"

आईनं चपलेचा पट्टा पुन्हा लावला.

"अहो, मी झारी घेऊन तुमच्याकडेच बघत होते. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात, एवढं मला कळत होतं. तुमचे लागले नव्हते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं ना माझ्या वडिलांनी, मला आत नेऊन. दिवे लागले होते का म्हणून," आई म्हणाली. "मी सांगितलं, चांगले लालभडक लागले होते."