तळपायाचा तीळ

गोदाक्का मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन धाकट्या बहिणीपुढं दृष्ट काढायला उभी राहिली.

शेवंताच्या तळपायावर लहानपणापासून तीळ. "ही पोर मुलूख बघणार," म्हणत आजी तिचेच पाय कुरवाळायची. गोदाक्कानं आपल्या तळपायावर काजळाचा तीळ काढून पाहिला, तो अंगण ओलांडेपर्यंत पुसला. पुढं शेवंता लेकीकडं मस्कतला चारदा विमानानं गेली. गोदाक्काची धाव बार्शीच्या बाजारापर्यंतच. दर खेपेला ती मनात म्हणायची, जळो तो तीळ!

परवा त्याच तिळात कॅन्सर निघाला. सांगायला डॉक्टरीणबाई शेवंताच्याच पायाशी बसली, तेव्हाही गोदाक्काच्या पोटात दुखलंच. "पेशी वाढवणारं जनुक दोघींच्याही अंगात आहे, आजी. त्याला आवरणारं बटण यांच्या तिळात बिघडलं."

"कुणी बिघडवलं?" गोदाक्कानं विचारलं.

"ते नाही सांगता येणार."

गोदाक्काला मात्र सांगता आलं असतं.

आता तिनं मूठ ओवाळली. "आल्यागेल्याची, शेजारणीची, वाटेवरच्या चेटकिणीची..." हात थांबला. "...आणि या थोरलीची."

"एवढं बोलायला साठ वर्षं लागली व्हय गं, आक्के?" शेवंता हसली.

"गप! दृष्ट काढताना बोलू नये," मूठ आवळत गोदाक्का खेकसली.