पंपाची जागा

माझ्या थोरल्या नातीचं बारसं झालं, ते २०१३ साल. दुष्काळात आमचा साखर कारखाना बंद पडला आणि मी तिथं बावीस वर्षं चालवलेली पेट्रोल जीप लिलावात माझ्या चुलतभावानं, गहिनीनाथनं घेतली. त्या दिवसापासून मी त्याच्या घरची पायरी चढलो नाही.

उन्हाळ्यात तो जीपचा कार्बुरेटर काढून त्याजागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायला निघाला आणि मलाच विचारायला आला.

"दादा, पेट्रोलचा पंप टाकीत बसवू का बाहेर? ह्या जीपचं तुलाच ठावं."

पंप पेट्रोलात बुडलेला असला की गार राहतो आणि बाहेर तापला की गाडी बंद पडते, हे मला माहीत होतं.

मी म्हणालो, "बाहेरच बसव. चांगली टाकी कापून कशाला वाटोळं करतो?"

मग रोज दुपारी जीप माझ्या दारासमोरच बंद पडू लागली. "तापला बघ पंप," म्हणत गहिनीनाथ ओसरीवर यायचा, चहा प्यायचा, तासभर बोलत बसायचा. उन्हात अडकलेली जीप बघून माझा जीव थंड व्हायचा.

पुढं गेवराईच्या बाजारात जीपचं ते काम केलेला मिस्त्री आसाराम भेटला. मी म्हणालो, "तू पंप बाहेर बसवलास, म्हणून ती जीप रोज माझ्या दारात अडायची."

"न्हाई काका. पंप मी पहिल्याच दिवशी टाकीत बसवला. ती जीप कधी बंद पडलीच न्हाई."

गहिनीनाथ नागपंचमीला वारला. आसाराम भेटला तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता.