दुसऱ्या स्क्रीनवरचं नाव

पोशीरला ओटीवर बसून जयाचा धाकटा दीर कमलेश फार्महाऊस बुकिंगचं ॲप बनवायचा, आणि शेजारी बिरड्याचे वाल सोलता सोलता जया जळायची. पहिल्या स्क्रीनवर टाकलेलं नाव दुसऱ्या स्क्रीनवर नीट पोचतं का, हे तो दिवसातून वीस वेळा तपासायचा आणि दर वेळी टाकायचा बायकोचंच नाव, 'संजना'. गेल्या वैशाखात, लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीने हेच नाव लिहून त्याने माहेरच्या कांचनची संजना केली होती. जयाच्या नवऱ्याला मात्र 'अगं ए'च्या पुढे बायकोचं नाव कधी सुचलंच नव्हतं.

शेवटी तिच्याने राहवेना. "भावजी, दुसरं नाव येतच नाय का वो तुमाला? सारखं आपलं संजना, संजना!"

नजर स्क्रीनवरून न हलवता कमलेश म्हणाला, "सवय हाय, वहिनी. कॉलेजपासनं टेस्टिंगला हेच नाव टाकतोय."

जयाच्या हातातला वाल हातातच राहिला.



मग तिने आत हाक मारली, वर्षभरात पहिल्यांदाच मायेनं, "कांचन, ये गं बाय, जरा माझ्यापाशी बस."