निळी पेटी

"मुलांना शिस्तच नाही! उद्यापासून चुकेल त्याला घरी पाठवतो," कॅन्टीनबाहेरच्या तीन कचरापेट्यांकडे बघत प्राचार्य कडाडले. तिन्ही पेट्यांत सगळा कचरा एकत्र झाला होता. कॉलेजसाठी या पेट्यांची रचना करणारी शाल्मली शेजारीच उभी होती.

बोलता बोलता प्राचार्यांनी हातातला कागदी कप निळ्या पेटीत टाकला. ती कोरड्या कागदांची होती. उरलेला चहा कागदांवर सांडला. भोवती जमलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली. प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सर, चूक तुमची नाही," शाल्मली म्हणाली. "मुलांचीही नाही. माझ्या पेट्याच कुणाला कळत नाहीत."

प्राचार्यांनी वाकून कप बाहेर काढला. "हा टाकायचा कुठे?"

"ते पेट्या बनवण्याआधी मी मुलांनाच विचारायला हवं होतं."

प्राचार्य कप घेऊन मुलांकडे वळले. "सांगा रे, कुठे टाकू?"