सत्ताविसावं नाव

फोन वाजला तेव्हा राजाबाईचे दोन्ही हात सुकटीत होते. दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर दुपारचं ऊन मस्त तापलं होतं, आणि असं ऊन असताना सुकट हलवायची सोडून ती सख्ख्या बहिणीचाही फोन उचलत नसे. पण हा फोन नेरूळच्या शर्मिलाबाईंचा होता, थेट परदेशातून. तिने घाईघाईने बोटाच्या टोकाने तो घेतला आणि स्पीकरवर टाकला.

शर्मिलाबाई म्हणजे तिचं दर रविवारचं हक्काचं गिऱ्हाईक. धर्माने बहाई. कित्येक वर्षं वाट बघून त्यांचा यात्रेला नंबर लागला होता. तिथे मूर्ती नाही, नारळ नाही, रांगेत धक्काबुक्की नाही. धर्म स्थापन करणाऱ्या बहाउल्लांच्या समाधीपाशी अनवाणी जायचं, उंबऱ्याशी गप्प उभं राहायचं आणि ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव मनातल्या मनात घ्यायचं. राजाबाईला हा देव आवडला होता. बाई निघायच्या आधी पापलेट साफ करता करता तिने हळूच सांगून ठेवलं होतं, "माज्या शिवतेजचं नाव घे गो बाय तिथं."

तिच्या लेकाची, शिवतेजची, बोट गेल्या माघात गेली ती परत आलीच नाही. घरात त्याचं नाव निघालं की वाढलेली ताटं तशीच राहत. शेवटी तिचा नवरा शिवराम म्हणाला, "ते नाव आता या घरात नको." त्याला दहा महिने होऊन गेले. आत्ताही तो चार हातांवर पाठमोरा बसून जाळं सांधत होता.

राजाबाईने आपला आवाज खाली आणला. "घेतलंस काय गो?"



"मावशी, राहिलं," शर्मिलाबाई म्हणाल्या. "लोकांनी सांगितलेली सव्वीस नावं कागदावर लिहून आणली होती. तुमचं लिहायला कशाला हवं, लक्षातच राहील म्हटलं. पाठ दाखवायची नाही म्हणून मागे मागे चालत बाहेर आले, आणि दाराबाहेर पाऊल पडल्यावर आठवलं."

राजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सव्वीस जनांची घेतलीस! कोनाचा व्हिसा, कोनाचं परमोशन. आनि माज्याच पोराचं राहिलं?"

"घेतलं म्हणून सांगता आलं असतं, मावशी. पण तिथून बाहेर येऊन लगेच खोटं कसं बोलू?" बाई म्हणाल्या. "थांबा. दार इथून समोर दिसतंय. आत्ता घेते."

आणि मनात घ्यायचं नाव बाईंनी मोठ्याने घेतलं, रेशनकार्डावर असतं तसं पुरतं.

"शिवतेज शिवराम कोळी. राहणार दिवाळे."

धक्क्यावर ते स्वच्छ ऐकू आलं. स्पीकर बंद करायला राजाबाई स्क्रीनवर बोट घासू लागली, पण सुकटीने माखलेल्या बोटाला फोन काही दाद देईना. शिवरामने जाळं बाजूला ठेवलं आणि तो उठला. आता हा फोन खाडीत भिरकावणार, या भीतीने तिने तो छातीशी धरला.

शिवराम तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. तिचा हात धरून त्याने फोन हळूच पुढे ओढला.

"बंद नको करू," तो म्हणाला. "तिला सांग, आनखी एकदा घे."