विसावं ताट

"पिशवी आत नेता येणार नाही, बाई. तिकडे कपाटात ठेवा," पहारेकरी तिसऱ्यांदा म्हणाला.

"कपाटात काही ठेवणार नाही मी," लोरेदाना म्हणाली. "तुमच्या वरच्यांना बोलवा."

तो फोनकडे वळला तशी चाकाच्या खुर्चीतल्या आईला, नीवेसला, ढकलत ती थेट काचपेटीपाशी पोचली. आत रोमन चांदीची एकोणीस ताटं झगमगत होती. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हल्ल्याच्या भीतीने ऱ्हाइनकाठी पुरलेली. विसाव्या जागी नुसता रिकामा गोल, आणि खाली पाटी.

"काय लिहिलंय गं?" नीवेसने विचारलं. साठ वर्षं या देशाच्या फरश्या पुसूनही म्हातारीला इथली भाषा वाचता येत नव्हती.

"हरवलं म्हणून लिहिलंय."

"नाक फुगलंय तुझं. खरं सांग."

"खोदकामावरच्या इटालियन मजुराने चोरलं असावं, असं लिहिलंय. झालं समाधान?"

"चोरलं?" नीवेसने खुर्चीचा हात आवळला. "मुकादमाने लाथेने उडवलं होतं ते राडारोड्यात. डब्याचं झाकण समजून. तुझ्या बापाने, तुल्लिओने उचललं, कारण घरात ताटं दोन आणि खाणारी तोंडं तीन."

तिसरं तोंड लोरेदानाचं. या देशाला तिच्या बापाचे हात हवे होते, आईचे हात हवे होते. पोर नको होतं. हंगामी मजुराने पोर आणायचं नाही, असा कायदाच होता. म्हणून चार वर्षांची लोरेदाना दोन हिवाळे भाड्याच्या खोलीतल्या कपाटात वाढली. पोलीस दारं ठोठावत पोरं हुडकायचे आणि सीमेपार धाडायचे. ती अंधारात जेवायची, त्याच ताटात. ताट जरा वाजलं की आईचा पंजा तिच्या तोंडावर बसायचा.

संग्रहालयाच्या प्रमुख, फ्राउ हॉइसलर, तरातरा आल्या. लोरेदानाने पिशवीतला टॉवेल उलगडला. आत विसावं ताट होतं. बाईंचा रागच गळून पडला. त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं.

"साठ वर्षं तुमच्याकडे? पेपरात तेव्हाच छापून आलं होतं. लगेच आणून का नाही दिलं?"

"बापाने दिलं असतं, तर तुम्ही पत्ता विचारला असता. मग खोलीत कोण कोण राहतं, ते बघायला कुणीतरी आलं असतं."

"पण नंतर? वडिलांनी नंतर तरी का नाही दिलं?" बाईंनी विचारलं.

"नंतर तुम्ही ही पाटी लावलीत. ती वाचून, चोर ठरूनच मेला माझा बाप. आधी पाटी काढा, मग ताट."

"तसं लगेच नाही हो काढता येत. समितीची बैठक घ्यावी लागेल, पुरावे बघावे लागतील..."

"मग चाललं हे घरी."

तिने ताट ओढलं. बाईंनी सोडलं नाही. दोघींच्या झटापटीत कड काचपेटीच्या लोखंडी चौकटीवर आपटली आणि ताट खणाणलं. तो लांब, स्वच्छ नाद दालनभर घुमला.

नीवेस खुर्चीतून अर्धी उठली. तिचा सुरकुतलेला पंजा लेकीच्या तोंडावर घट्ट बसला.

सहासष्ट वर्षांची लोरेदाना श्वास रोखून, दाराकडे बघत उभी राहिली. नाद विरला. हात निघाला नाही.